विश्लेषण : जुन्या ‘पद्मिनी’ला ‘तगडा’ कॅमशाफ्ट कशाला?

मुंबईत नोंदणी झालेली प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत कागदावर आली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. खासगी मालकांकडच्या ‘फियाट’ मात्र अजून आहेत. कुणाकडे वडिलांची, कुणाकडे आजोबांची, कुणी हौसेने विकत घेऊन सजवलेली. या गाड्यांची इंजिने आता दुरुस्तीसाठी खोलली जात आहेत आणि इंजिन टेबलावर सुटे पडले, की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : खोललेच आहे, तर कॅमशाफ्टही जरा तगडा टाकून घ्यायचा का? पिकअप वाढेल, असे कुणीतरी सांगितलेले असते. सल्ला ऐकायला गोड आहे. पण रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी तो बहुतेक वेळा तोट्याचाच ठरतो.

हे इंजिन नेमके कोणते?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडू लागली. पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नावे बदलत गेली, पण पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली मूळ घडण तीच राहिली : चार सिलिंडर, १,०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक.

या इंजिनाची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, तीही ४,८०० आरपीएमच्या आसपास. टॉर्क सुमारे ७१ न्यूटन मीटर, तो मात्र ३,००० आरपीएमलाच मिळतो. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा असलेले हे इंजिन मुळात शांत स्वभावाचे. ते पळण्यापेक्षा ओढण्यासाठी घडवलेले आहे. पाच माणसे, डिकीत सामान आणि समोर घाट, हा त्याचा रोजचा हिशेब होता.

कॅमशाफ्टचे काम काय?

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत घेण्यासाठी एक व्हॉल्व्ह आणि जळालेला वायू बाहेर सोडण्यासाठी दुसरा. हे व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे, किती उघडायचे आणि केव्हा मिटायचे, हे कॅमशाफ्ट ठरवतो. तो एक दांडा असतो आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. पद्मिनीच्या इंजिनात हा दांडा खाली ब्लॉकमध्ये बसतो. क्रँकशाफ्टवरून टायमिंग चेनने तो फिरतो. उंचवटा वर आला की टॅपेट उचलले जाते, ते पुशरॉडला ढकलते, पुशरॉड हेडवरच्या रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो.

क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणजे ४,८०० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात ४० वेळा उघडतो आणि मिटतो. इतक्या कमी वेळात हवा आत यायची असल्याने व्हॉल्व्ह पिस्टन खाली येण्याच्या थोडा आधी उघडतात आणि पिस्टन परत वर निघाल्यावर थोडे उशिराने मिटवतात. पिस्टनची एक खेप क्रँकच्या १८० अंशांची असते, पण जुन्या साध्या मोटारींत इनटेक व्हॉल्व्ह साधारण २३० ते २५० अंश उघडा असतो. वेगाने आत येणारी हवा आपल्याच झोकाने शेवटपर्यंत येत राहते, याचा हा फायदा.

‘तगडा’ कॅम बसवला की काय बदलते?

तीन गोष्टी. पहिली, व्हॉल्व्हची उचल वाढते. दुसरी, तो उघडा राहण्याचा काळ वाढतो. शर्यतीच्या कॅममध्ये हा काळ ३०० अंशांच्या घरात जातो. तिसरी, एक्झॉस्ट मिटण्याआधी इनटेक उघडा असण्याचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ लांबतो. याला ओव्हरलॅप म्हणतात.

इंजिन जोरात फिरत असेल तर या तिन्हींचा फायदा होतो. हवेला झोक असतो आणि जास्तीच्या वेळात जास्त मिश्रण आत शिरते. पण इंजिन हळू फिरत असेल तर हवेला झोकच नसतो. मग उशिरा मिटणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हमधून वर येणारा पिस्टन तेच मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकलून देतो. ओव्हरलॅपमध्ये जळालेला वायू उलटा आत शिरतो. आयडलिंग अडखळते, प्लग काळे पडतात आणि सिग्नलवर गाडी थरथरू लागते. ती थरथर काहींना ‘रेसिंगचा आवाज’ वाटते. खरे म्हणजे ते इंजिन नीट श्वास घेऊ शकत नसल्याचे लक्षण आहे.

मग अश्वशक्ती वाढत नाही का?

वाढते. मात्र ती कुठे वाढते, हा खरा मुद्दा आहे. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्यायचा, आरपीएमने गुणायचे आणि साधारण ७,०२४ ने भागायचे, की अश्वशक्ती मिळते.

मूळ इंजिन ३,००० आरपीएमला ७१ न्यूटन मीटर देते. हिशेब केला तर तिथे सुमारे ३० अश्वशक्ती मिळते. ४,८०० आरपीएमला ४० अश्वशक्ती म्हणजे टॉर्क उतरून ५८-५९ वर आलेला असतो. आता समजा, तगड्या कॅममुळे इंजिनाने ५,५०० आरपीएमला ६० न्यूटन मीटर टिकवून धरले. तिथे सुमारे ४७ अश्वशक्ती झाली. कागदावर ही वाढ घसघशीत दिसते. पण टॉर्कचा आकडा पाहिला तर तो मूळच्या ७१ च्या वर गेलेलाच नाही. तो फक्त खालच्या फेऱ्यांवरून वरच्या फेऱ्यांकडे सरकला.

आणि खाली? समजा, १,५०० आरपीएमला मूळ इंजिन ६० न्यूटन मीटर देत होते आणि नव्या कॅमनंतर ते ५० वर आले. म्हणजे जिथे जेमतेम १३ अश्वशक्ती होती, तिथे ११ पेक्षा कमी उरली. मोठ्या इंजिनात अशी घट खपून जाते, कारण तिथे मुळात शिल्लक असते. ११०० सीसीच्या इंजिनाकडे ती नसते. छोट्या इंजिनात कॅम निवडताना म्हणूनच जास्त सावध राहावे लागते.

नुकसान नेमके कुठे जाणवते?

पद्मिनीचा चालक दिवसातला बहुतेक वेळ कुठे असतो, ते पाहावे. शहरात चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० किलोमीटरला इंजिन दोन हजार आरपीएमच्या आत-बाहेर फिरते. सिग्नल, वळण, गतिरोधक, रिक्षामागे सरपटत जाणे, हे सगळे त्याच पट्ट्यात. बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या चढावर समोर ट्रक असला, की वेग तोडून पुन्हा उचलावा लागतो. तिथेही खालचा टॉर्कच कामाला येतो.

याउलट ५,५०० आरपीएम गाठायचे तर प्रत्येक गिअर ओढून चालवावा लागतो. गिअर चारच, त्यात अनेक गाड्यांचा लिव्हर स्टिअरिंगला. क्रँक, बेअरिंग, रिंगा आणि वॉटर पंप यांचे वय ४०-५० वर्षे. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. अशा गाडीला वर पळायला लावणारा कॅम देणे म्हणजे वयस्कर माणसाला शिडी चढून वरच्या फळीवरचा डबा काढायला लावण्यासारखे. डबा मिळेलही, पण तो खालीच ठेवता आला असता.

फियाटने स्वतः काय केले होते?

या इंजिनातून जास्त ताकद काढणे अशक्य नाही. फियाटनेच ते करून दाखवले. १९५३ साली इटलीत ११०० बाजारात आली तेव्हा साध्या गाडीची ताकद ३६ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी याच १,०८९ सीसी इंजिनाची ‘टीव्ही’, म्हणजे ‘तुरिस्मो वेलोचे’ ही वेगवान आवृत्ती आली आणि ताकद ५० च्या आसपास गेली.

पण ती वाढ एका सुट्या भागातून आलेली नव्हती. टीव्हीला कॉम्प्रेशन जास्त होते आणि कार्ब्युरेटर दोन घशांचा वेबर. कारखान्यात हवा आत घेणे, ती दाबणे आणि जळालेला वायू बाहेर काढणे यांचा मेळ घातलेला असतो. गॅरेजमध्ये नेमके हेच सुटते. मूळ कार्ब्युरेटर, मूळ मॅनिफोल्ड आणि मूळ कॉम्प्रेशन ठेवून फक्त कॅम बदलला जातो. इनटेक उशिरा मिटल्याने प्रत्यक्ष दाब आणखी घटतो. पद्मिनीचे कॉम्प्रेशन आजच्या पेट्रोल मोटारींच्या १०-११ च्या तुलनेत आधीच बरेच कमी आहे. त्यात ही घट आली, की गाडी पेट्रोल खाते आणि दमही टाकते. ‘नवा कॅम टाकला, पण काही फरक पडला नाही,’ ही तक्रार बहुतेकदा इथून येते.

जुना कॅम खरेच दोषी आहे का?

तगडा कॅम घेण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. ४० वर्षे चाललेले इंजिन मूळचे ४० अश्वशक्ती देतच नसते. मालक ज्याची तुलना करतो, ते दमलेले इंजिन असते आणि त्याचा दोष तो मूळ घडणीला देतो.

टायमिंग चेनचेच उदाहरण घ्या. चेन ताणली गेली की कॅमशाफ्ट क्रँकच्या काही अंश मागे पडतो. सगळे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि उशिरा मिटतात. परिणाम तोच : खालचा टॉर्क घटतो. म्हणजे ‘पिकअप गेला’ म्हणणाऱ्या मालकाच्या गाडीत नकोसा तगडा कॅम बसल्यासारखीच स्थिती आधीच झालेली असते. त्यावर उपाय म्हणून आणखी तगडा कॅम टाकणे उफराटे आहे. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलले, खुणा जुळवल्या, तर हरवलेला टॉर्क बराचसा परत येतो.

कॅमचे उंचवटेही झिजतात. एखादा उंचवटा अर्धा मिलिमीटर झिजला तर रॉकरच्या गुणोत्तरामुळे व्हॉल्व्हची उचल त्याहून जास्त घटते. टॅपेटची गॅप चुकीची असली तरी हेच होते. गॅप मोठी असेल तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. गॅप फारच कमी असेल तर तो पूर्ण मिटत नाही आणि जळतो. फिलर गेजने गॅप तपासणे हे या सगळ्यातले सर्वात स्वस्त काम आणि नेमके तेच राहून जाते.

म्हणून क्रम असा असावा. आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. मग टॅपेट, प्लग, पॉइंट, डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स आणि कार्ब्युरेटर. मग चेन. शेवटी पुशरॉडवर डायल गेज लावून प्रत्येक उंचवट्याची उचल मोजावी. आठही आकडे जवळजवळ सारखे आले तर कॅमशाफ्ट निर्दोष आहे. त्याला हात लावण्याचे कारण उरत नाही.

झिजलेलाच निघाला तर?

तर तो बदलावा आणि मूळ मापाचाच बसवावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांत जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. पण वापरलेला कॅमशाफ्ट घेताना तो मोजूनच घ्यावा. कंपनीच्या नावाचा डबा असला म्हणजे आत नवा माल असतोच, असे नाही.

दुसरा मार्ग ग्राइंडिंगचा. जुन्या कॅमच्या तळाचा गोल भाग घासून कमी केला, की उंचवटा तुलनेने उंच होतो. काम जाणकाराच्या हातून झाले तर उत्तमच. पण उंचवट्यावरचा कठीण थर पातळ असतो. तो ओलांडून घासले, तर खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि कॅम लवकर खलास होतो. शिवाय तळ कमी झाल्याने टॅपेट खाली बसते आणि रॉकरचा कोन बदलतो. तो पुन्हा जुळवावा लागतो.

कोणताही कॅम बसवला तरी टॅपेट नवीच हवीत. जुने टॅपेट जुन्या उंचवट्याला घासून आपला आकार बनवून बसलेले असते. ते नव्या कॅमवर ठेवले की दोघेही एकमेकांना खातात. इथे पैसे वाचवणे सर्वात महागात पडते.

नवा कॅम पहिल्या २० मिनिटांत कसा बिघडतो?

अशा सपाट टॅपेटच्या इंजिनात कॅम आणि टॅपेट यांच्यातला दाब प्रचंड असतो आणि तिथे तेल मुख्यतः क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून पोहोचते. इंजिन आयडलिंगवर असताना हे शिंतोडे कमी असतात. म्हणून नवा कॅम बसवल्यावर उंचवट्यांना असेंब्ली पेस्ट लावावी, इंजिन लगेच सुरू होईल अशी सगळी तयारी आधी करावी आणि सुरू झाल्यावर ते साधारण २,००० आरपीएमवर २० मिनिटे ठेवावे. आपल्याकडे उलटे होते. इंजिन सुरू करून मंद ठेवतात, आवाज ऐकत उभे राहतात. तोवर उंचवटे घासले गेलेले असतात.

तेलाचाही विचार हवा. घर्षण सोसण्यासाठी तेलात जस्त आणि फॉस्फरसचे मिश्रण घालतात. आधुनिक मोटारींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी नव्या तेलांत ते कमी केले गेले. महागडे नवे सिंथेटिक तेल पद्मिनीच्या कॅमला चांगले असेलच, असे नाही. जुन्या इंजिनासाठी जस्ताचे प्रमाण जास्त असलेले तेल निवडावे.

नियम काय सांगतात?

कॅमशाफ्ट आरसीवर नोंदवलेला नसतो. इंजिन क्रमांक आणि सीसी तेच राहतात. त्यामुळे हा बदल दिसत नाही आणि ‘कोण बघतंय?’ असे म्हणून केला जातो. पण दोन ठिकाणी तो आडवा येऊ शकतो.

पहिले ठिकाण पीयूसी. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. ओव्हरलॅप वाढला की न जळलेले पेट्रोल सरळ सायलेन्सरमध्ये जाते आणि चाचणी आयडलिंगवरच होते. म्हणजे तगडा कॅम जिथे सर्वात वाईट वागतो, तिथेच त्याची परीक्षा.

दुसरे ठिकाण व्हिंटेज नोंदणी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही. १९६४ पासूनच्या डिलाइट ही पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत आणि १९७४ च्या पहिल्या पद्मिनीही आता त्या रांगेत आल्या आहेत. आज हौसेने केलेला बदल उद्या गाडीच्या ओळखीवर आणि किमतीवर प्रश्नचिन्ह लावू शकतो.

मग तगडा कॅम कुणीच बसवू नये का?

असे म्हणणे अन्यायाचे होईल. शर्यत हाही या गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट पळत होत्या आणि तिथल्या मेकॅनिकनी या छोट्या इंजिनातून बरेच काही काढले. फक्त ट्रॅकसाठी ठेवलेली गाडी असेल, हेड, कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग असा सगळा संच एकत्र बदलणार असाल, तर तगडा कॅम जरूर बसवावा.

आजच्या रस्त्यावर ४० अश्वशक्ती अपुरी पडते, असेही म्हटले जाते. महामार्गावर ओव्हरटेक करताना थोडी शिल्लक हवी, हा मुद्दा खरा आहे. त्यासाठी मूळ मापाहून थोडाच पुढचा, सौम्य कॅम पुरतो. त्यासोबत हेड घासून कॉम्प्रेशन किंचित वाढवावे, जेट बदलावेत आणि कॅमचे अंश चकती आणि डायल गेज लावून मोजूनच बसवावेत. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातील अंतर तपासल्याशिवाय इंजिन बंद करू नये. आणि मूळ कॅमशाफ्ट भंगारात न देता तेल लावून, गुंडाळून उभा ठेवून द्यावा. आडवा ठेवला तर तो वाकू शकतो.

बाकी सर्वांसाठी सल्ला साधा आहे. नवी पद्मिनी आता कुठल्याच कारखान्यातून येणार नाही. जी इंजिने उरली आहेत, ती तेवढीच. त्यांतल्या बहुतेकांना गरज आहे ती नवी चेन, बरोबर गॅप, स्वच्छ कार्ब्युरेटर आणि मोजून पाहणाऱ्या मिस्त्रीची. हे सगळे केल्यावर घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये तक्रार न करता चढली, तर मालकाला हवा असलेला पिकअप परत आलेला असेल आणि त्यासाठी कॅमशाफ्टला हातही लावावा लागलेला नसेल.